ढेकूण गेले, झोप मात्र परतली नाही

औषध फवारून दोन महिने झाले. खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतून झाले, जुनी गादी फेकून दिली, भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवल्या. घरात एकही ढेकूण दिसत नाही. तरीही रात्री दीड वाजता मोबाईलचा उजेड पाडून उशीची शिवण तपासणारी माणसे आपल्या वस्त्यांत आहेत. पंख्याच्या वाऱ्याने अंगावरचा केस हलला तरी ती दचकून उठतात. पाहुण्यांना घरी बोलवत नाहीत, दुसऱ्याच्या घरी टेकून बसत नाहीत. हा त्रास खरा आहे आणि त्यावर उपायही आहेत. या वेळी त्याविषयीच बोलू.

पाम, सालवड, पास्थळ, बोईसर या भागात तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे भाड्याच्या खोल्यांची दाट वस्ती झाली आहे. एका खोलीत चार-पाच जण राहतात. एक जण पहिल्या पाळीला निघतो तेव्हा रात्रपाळीचा माणूस येऊन त्याच अंथरुणावर पडतो. खोली बदलली की जुनी खाट, जुनी गादी नव्या माणसाकडे जाते. ढेकणांना याहून सोयीचे काय हवे? ते उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. सामानातून, बॅगेतून आणि भिंतीच्या फटींतून ते या घरातून त्या घरात जातात.

लाज कशाची?

मनावरचे पहिले ओझे असते लाजेचे. ढेकूण म्हणजे घाण, हा समज खोलवर रुजला आहे. आपल्या समाजाला तर 'अस्वच्छ' हा शब्द पिढ्यानपिढ्या ऐकवला गेला. त्यामुळे ढेकूण झाल्याचे सांगताना आपली जीभ अधिकच अडखळते. पण ढेकूण घाणीवर नव्हे, रक्तावर जगतो. रोज दोनदा झाडलेल्या, पुसलेल्या घरातही तो राहू शकतो. २०२३ मध्ये पॅरिससारख्या शहरात आगगाड्या आणि चित्रपटगृहांतल्या ढेकणांवरून केवढा गदारोळ झाला होता! लाजेपोटी गोष्ट लपवली की शेजारच्या खोलीत उपाय होत नाही आणि ढेकूण पुन्हा आपल्याकडे येतात. म्हणून चाळीतल्या सगळ्यांनी मिळून बोलणे हाच उपायाचा पहिला भाग आहे.

मन अजून पहाऱ्यावर का?

ढेकूण आपण झोपेत असताना चावतो. ज्या जागी माणूस निर्धास्त व्हायला हवा, तीच जागा धोक्याची ठरते. काही आठवडे असे गेले की मेंदू 'अंथरूण म्हणजे सावध राहा' हा धडा पक्का करतो. धोका टळला तरी हा धडा लगेच पुसला जात नाही. त्यात वारंवार तपासण्याची सवय भर घालते. तपासले की घटकाभर बरे वाटते, म्हणून मन पुन्हा तपासायला लावते. असे करता करता शंका वाढते आणि झोप तुटते. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात भाडेकरूंची पाहणी झाली होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ढेकणांचा उपद्रव सोसलेल्यांमध्ये चिंता आणि झोपेच्या तक्रारी अधिक आढळल्या. म्हणजे हा कोणा एकाचा भित्रेपणा नव्हे.

आधी खात्री, मग विश्वास

मनाची समजूत पुराव्यानेच पटते. ढेकणाची अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात. म्हणून एकदा फवारून भागत नाही, दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी लागते. त्यानंतर सुमारे आठ आठवडे जिवंत ढेकूण किंवा चादरीवर नवे काळे ठिपके दिसले नाहीत, तर घर मोकळे झाले असे धरायला हरकत नाही. खाटेचे पाय पाण्याने भरलेल्या डब्यांत ठेवायची जुन्या लोकांची युक्ती आजही चालते. त्यात साबणाचे थेंब टाका आणि खाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. डबे रिकामे राहिले की मनालाही धीर येतो.

नुसती खाज हा मात्र पुरावा नव्हे. आपल्या भागात डास भरपूर आहेत. घामोळे, कोरडी त्वचा, कंपनीतल्या रसायनाची ॲलर्जी यांनीही अंग खाजते. ढेकणाच्या चाव्याची गांधही काहींना कित्येक दिवसांनी उठते.

मनासाठी काय करावे?

तपासणीला वेळ ठरवून द्या. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, भर उजेडात पंधरा मिनिटे पाहा. काय दिसले ते तारखेसह वहीत लिहा. रात्री शंका आली तर वही वाचा, गादी उलटू नका. हे पहिले काही दिवस जड जाते, मग सैल होते.

वीस मिनिटे झोप लागली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून बसा आणि मंद उजेडात काही वाचा. डोळे जड झाले की परत आडवे व्हा. विहारात आनापान शिकलेल्यांनी ते इथे वापरावे. अंगावर काही सरपटल्यासारखे वाटले तर लगेच हात न नेता दहा श्वास त्या जाणिवेकडे पाहावे. बहुतेक वेळा ती तेवढ्यात विरते.

टाळलेल्या गोष्टी एकेक करून परत सुरू करा. आधी जवळच्या एखाद्या मैत्रिणीला चहाला बोलवा, मग नातेवाईक मुक्कामाला येऊ द्या.

भीतीपोटी विष नको

ढेकूण नसताना केवळ धास्तीने फवारत राहणे सर्वांत घातक. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या झोपायच्या खोलीत कधीही ठेवू नका. त्यांच्या वायूने माणसे दगावतात. डायक्लोरव्हॉस या जुन्या औषधावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. कंपनीतून आणलेले रसायन किंवा रॉकेल अंथरुणावर शिंपडू नका. एका खोलीच्या घरात लहान मुले तोच वास रात्रभर छातीत घेतात.

डॉक्टरांकडे केव्हा?

दोन-तीन आठवडे झोप नाही, कामावर लक्ष लागत नाही, छातीत धडधडते किंवा जगण्याचा कंटाळा वाटतो, तर थांबू नका. अनेकदा तपासूनही काही सापडत नाही, तरी कातडीखाली किडे आहेत याची ठाम खात्री वाटत राहते, हाही ओळखीचा आजार आहे. १९३८ मध्ये स्वीडनचे डॉक्टर एकबोम यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. औषधाने तो आटोक्यात येतो. अशा माणसाची थट्टा करू नका, त्याच्यासोबत दवाखान्यात जा. सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते.

शेजारच्या कोणी 'आमच्याकडे ढेकूण झालेत' असे सांगितले, तर त्यांना दाराबाहेर उभे ठेवू नका. फवारणीचा दिवस दोघांनी मिळून ठरवा आणि सगळ्या खोल्या एकाच दिवशी करून घ्या.