कोरियाच्या राजवाड्यांतील राणी

राणी म्हटली म्हणजे सुखाची परिसीमा, अशी सर्वसाधारण समजूत असते. हाताखालीं शेंकडों दासी, अंगावर रेशमी वस्त्रें. मग उणें तें काय? परंतु कोरियांत १३९२ पासून पांच शतकांहून अधिक काळ राज्य केलेल्या जोसन घराण्यांतील राण्यांची हकीकत वाचली, म्हणजे या पदाचा हेवा वाटेनासा होतो.

राजाचा विवाह काढला कीं, उच्चकुलांतील उपवर मुलींच्या लग्नांस मनाई होई. मुलींची नांवें दरबारीं कळवावीं लागत आणि तीन वेळां पारख होऊन एकीची निवड होई. कित्येक आईबाप मुलीस लपवूं पाहत, यांत नवल नाहीं. १७५९ मध्यें राजा यंगजो यानें दुसरें लग्न केलें, तेव्हां त्याची साठी उलटून गेली होती. वधू त्या देशाच्या गणनेप्रमाणें पंधरा वर्षांची!

एकदां वाड्यांत पाऊल टाकलें कीं कर्तव्यांस आरंभ. सासू व आजेसासू यांस नित्य वंदन करावयाचें. अंतःपुरांतील उपस्त्रिया व सेविका यांच्या दर्जांची उतरंड ठरलेली असे. राणी या सर्व श्रेणींच्या वर. तेथील शिस्त तिनें राखावयाची आणि सवतींच्या मुलांची धर्ममाताहि तीच. वसंतांत राजा नांगर धरी, तर राणी तुतीचीं पानें खुडून रेशमाच्या किड्यांचा विधि करी. १७६७ मध्यें यंगजोच्या याच राणीनें तो मोठ्या थाटानें केला.

राज्यकारभाराशीं राणीचा संबंध नसे, असें मात्र नव्हे. राजा अल्पवयी असल्यास वडील राणी पडद्याआडून कारभार पाही. १४६९ मध्यें संगजोंग हा बारा वर्षांचा मुलगा गादीवर आला, तेव्हां त्याची आजी राणी जंगही हिनें सात वर्षें राज्य सांभाळलें.

याच संगजोंगची राणी युन. राजानें कितीहि उपस्त्रिया केल्या, तरी राणीनें मत्सर करतां कामा नये, हा दंडक. आणि मत्सर हा तर पत्नीचा त्याग करण्यास पुरेसा दोष. युनवर हाच मुख्य आरोप आला. १४७९ मध्यें तिला पदच्युत करून माहेरीं धाडलें व १४८२ मध्यें विष देऊन मारलें. तिचा मुलगा तेव्हां लहान होता. पुढें १४९४ मध्यें तोच यनसान राजा झाला. १५०४ मध्यें त्यानें आईच्या मृत्यूचा भयंकर सूड उगविला. मेलेल्या मंत्र्यांच्या थडग्यांनाहि सोडलें नाहीं. त्यानें मृत मातेस राणीपद परत दिलें. १५०६ मध्यें तो स्वतः गादीवरून उतरविला गेला आणि तिचें तें पदहि पुन्हां काढून घेण्यांत आलें.