हत्यारांचे कपाट

सुताराच्या कारखान्यातील हत्यारांच्या कपाटाकडे गिऱ्हाइकाची दृष्टी क्वचितच जाते. तरीही कुशल कारागीर पुष्कळदा नक्षीदार रेषांची एखादी सुरेख फळी याच कपाटाच्या दारांसाठी राखून ठेवतो. ही केवळ हौस नव्हे. अशा फळीचे दार वर्षानुवर्षे टिकवावयाचे, तर लाकडाचा स्वभाव पुरता ओळखावा लागतो.

झाड तोडले तरी लाकूड निश्चल होत नाही. पावसाळ्यात हवेतील ओल शोषून ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीच्या दिशेने ही हालचाल नगण्य असते. रुंदीच्या दिशेने मात्र तिची उपेक्षा करून चालत नाही. नक्षीदार फळीत तर तंतूच वाकडेतिकडे धावतात. त्यामुळे तिची वागणूक अधिकच लहरी. चारही बाजूंनी सरस लावून तिला जखडले, तर एक तर ती तडकते, नाही तर चौकटीचे सांधे उकलते.

यावरील उपाय जुना आणि साधा आहे. सरळ रेषांच्या सागाची चौकट करावयाची, तिच्या आतील कडेला खाच पाडावयाची आणि त्या खाचेत शिसवाची नक्षीदार फळी सरसाशिवाय नुसती बसवावयाची. खाचेत थोडा अवकाश ठेवला की फळी आतल्या आत फुगते, आकसते; दार मात्र चौकोनीच राहते.

रंधा मारतानाही सावध राहावे लागते. तंतूंची दिशा जागोजागी बदलत असल्याने बोथट पात्याने लाकडाचे कपचे निघतात. पाते धारदार हवे, निघणारी साल तलम हवी.

लाकडात दडलेली नक्षी उजळते ती चपड्याने. पळस, बोर, कुसुम या वृक्षांच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका सूक्ष्म कीटकाच्या स्रावापासून लाख मिळते; तीच शुद्ध करून तिचे पातळ पापुद्रे केले की चपडा तयार होतो. छोटानागपूरच्या वनवासी कुटुंबांचा हा जुना पूरक व्यवसाय. लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

लिटरभर स्पिरिटमध्ये सुमारे २५० ग्रॅम चपडा विरघळवून, कापसाच्या बोळ्यावर मऊ कापड गुंडाळून ते द्रावण हलक्या हाताने चोळतात. एका जाड थरापेक्षा अनेक पातळ थर श्रेयस्कर. हवा फार दमट असेल, तर थरावर पांढुरकी झाक येते. म्हणून कोरडा दिवस निवडावा. फळी चौकटीत बसवण्यापूर्वीच तिला पॉलिश करणे इष्ट. अन्यथा ती आकसताच कडेला कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडते. दोन्ही अंगांना सारखेच थर द्यावेत, म्हणजे ती वाकत नाही.

चपड्याला स्पिरिट आणि उष्णता सोसत नाही, हा त्याचा दोष खरा. परंतु नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे ओरखडा पडला तरी दुरुस्ती सुलभ असते. कपाट दीर्घकाळ टिकते ते लाकडाला करकचून बांधल्याने नव्हे, तर त्याला हालचालीपुरती मोकळीक दिल्याने.