वाटवे: पेठांमधला पहिला पॉपस्टार

चित्रपटाचा पडदा नाही, नाटक कंपनीचा आधार नाही, घराण्याचे नाव पाठीशी नाही. तरीही ज्याचे गाणे ऐकायला पुण्यात रस्ता भरून माणसे बसत, असा मराठीतला पहिला गायक कोण? माझे उत्तर गजानन वाटवे. त्यांना ‘पॉपस्टार’ म्हटलेले सदाशिव पेठेला तेव्हा मुळीच खपले नसते. पण काम तेच होते.

वाटव्यांचा जन्म १९१७ सालचा, बेळगावचा. गाण्याच्या ओढीने ते लहानपणीच घराबाहेर पडले आणि पुण्यात येऊन स्थिरावले. गरीब विद्यार्थ्याला वार लावून जेवायची आणि शिकायची सोय असलेले हे शहर होते. इथेच वाटव्यांना शास्त्रोक्त गाण्याची तालीम मिळाली. पुढे मैफलीचा गवई व्हायचे, हा सरळ रस्ता होता. वाटवे त्या रस्त्याने गेले नाहीत.

ती वेळच तशी होती. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, मराठी बोलपट सुरू झाला आणि आधीच कर्जात रुतलेल्या संगीत नाटक मंडळ्या एकेक करून बसू लागल्या. पदांवर पोसलेला श्रोता तर होताच. त्याला नवे गाणे हवे होते. दुसरीकडे रविकिरण मंडळातल्या यशवंत, गिरीश वगैरे कवींनी आपल्या कविता सभांमधून गाऊन दाखवायचा पायंडा पाडला होता. मात्र त्यात एका कडव्याची चाल पुढच्या सगळ्या कडव्यांना चालायची. ना. घ. देशपांड्यांच्या ‘शीळ’ची जी. एन. जोशींनी गायलेली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा कवितेचे खरोखरीचे गाणे होऊ शकते हे लोकांना कळले. भावगीत जन्माला आले ते असे.

पण ते दिवाणखान्यातून चौकात आणले वाटव्यांनी. इथे थोडे यंत्राविषयी बोलायला हवे, कारण कलावंताच्या चरित्रात यंत्राला सहसा कुणी श्रेय देत नाही. नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे; त्या फेकीत शब्द चेपले जात आणि तानेला मोल येई. ध्वनिक्षेपक आला आणि हळू आवाजात, समोरच्याशी बोलल्यासारखे गाता येऊ लागले. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी याच यंत्राच्या जोरावर घरोघरी पोचला. वाटव्यांनी तेच पुण्याच्या गणेशोत्सवात केले. समोर पेटी, साथीला तबला, बाकी थाटमाट नाही. शब्द स्वच्छ, आणि प्रत्येक कडव्याला अर्थाप्रमाणे वळणारी चाल, तीही बहुधा स्वतःची. शिवाय तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. या कुंपणाने पाल्हाळाला आपोआप आळा बसला, हे बरेच झाले.

मा. ग. पातकरांचे ‘वारा फोफावला’ गाजले, कवी अनिलांचे ‘गगनि उगवला सायंतारा’ त्याहून खोल रुजले. पुढे वाटव्यांच्या आठवणींच्या पुस्तकालाही तेच नाव मिळाले. मला मात्र मनमोहन नातूंशी जुळलेली त्यांची जोडी अधिक बोलकी वाटते. ‘राधे तुझा सैल अंबाडा’सारखा नखरा मनमोहनांचा, आणि गांधीहत्येनंतरचे ‘ती पहा, ती पहा बापूजींची प्राणज्योती’ हेही मनमोहनांचेच. १९४८च्या पुण्यात दुसऱ्या प्रकारचे गाणे लोकांसमोर म्हणायला नुसता गळा पुरेसा नव्हता. एकाच गायकाकडून लोकांनी दोन्ही ऐकली, यातच त्याच्यावरचा विश्वास दिसतो.

मग काळाने पुन्हा कूस बदलली. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे आकाशवाणी सुरू झाली. १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर ‘गीतरामायण’ चालले: ५६ गीते, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. मूळ प्रसारणात सुमंताचे ‘बोलले इतके मज श्रीराम’ वाटव्यांनी गायले. स्वतः कविता निवडणारा, चाल लावणारा आणि गाणारा माणूस इथे दुसऱ्याच्या रचनेत एका पात्राचा आवाज झाला. यात कमीपणा काही नाही, गाणे उत्तमच आहे. पण सत्ता गायकाकडून संगीतकाराकडे सरकल्याचे यातून कळते. पुढच्या भावगीताला वाद्यमेळ आला, पार्श्वगायक आले. चौकातल्या एकट्या पेटीवाल्याची गरज उरली नाही.

वाटवे त्यानंतरही अनेक दशके जगले. २ एप्रिल २००९ रोजी, ९१व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आजच्या भावगीतांच्या कार्यक्रमांत निवेदक त्यांचे नाव आदराने घेतात आणि पहिले गाणे बहुधा फडक्यांचे लावतात. ज्यांना मूळ वाटवे ऐकायचे आहेत त्यांनी ‘गगनि उगवला’पासून सुरुवात करावी. ध्वनिमुद्रण जुने आहे, खरखर आहे. तरी कवितेतला एकही शब्द दुसऱ्यांदा ऐकावा लागत नाही.