बशीच्या पाठीवरील साक्ष

जुन्या पोर्सेलिनच्या भांड्यांचा शौक जडलेला मनुष्य दुसऱ्याच्या घरी चहा संपताच बशी हळूच उलटी करून पाहतो. बशीच्या पोटावरील चित्रापेक्षा तिच्या पाठीवरील छापावर त्याची श्रद्धा अधिक असते. आणि या छंदातले बहुतेक गैरसमज, व त्यांच्याबरोबर येणारी फसगत, याच श्रद्धेच्या पोटी जन्मास आलेली आहेत.

निळ्या रंगात एकमेकींना छेद देणाऱ्या दोन तलवारी दिसल्या की भांडे माइसेनचे, ही त्यांतली सर्वांत प्रबळ समजूत. सॅक्सनीचा अधिपती व पोलंडचा राजा ऑगस्टस याने ज्या बॉटगर नामक तरुण किमयागारास सोने करून देण्यासाठी अटकेत ठेवले होते, त्याने सोने केले नाही, परंतु चिर्नहाउस या विद्वानाच्या सहवासात १७०८ च्या सुमारास चिनी पोर्सेलिनचे रहस्य मात्र हस्तगत केले. १७१० मध्ये माइसेनचा कारखाना राजाज्ञेने उभा राहिला, आणि पुढे १७२२ च्या सुमारास सॅक्सनीच्या राजचिन्हातील तलवारी भांड्यांच्या तळाशी उमटू लागल्या. येथवरची हकीकत खरी आहे. परंतु पुण्याने सदाशिवरावभाऊंचा तोतया पाहिलेला आहे, आणि तोतया उभा राहतो तो नेहमी मोठ्या माणसाचाच. इंग्लंडातील वूस्टरसारख्या नामांकित कारखान्यांनी १८ व्या शतकातच आपल्या काही भांड्यांवर या तलवारी निःसंकोच रंगवल्या. १९ व्या शतकात ड्रेस्डेन येथील हेलेना वोल्फसोन हिच्या चित्रशाळेने ऑगस्टसच्या नावाची आद्याक्षरे असलेली राजमुद्राच वापरात आणली व न्यायालयाचा हुकूम झाला तेव्हाच ती सोडली. आणि पॅरिसच्या सॅमसन या पेढीने तर जुन्या भांड्यांच्या प्रतिकृती करणे हाच राजरोस धंदा मांडला होता. या प्रतिकृतींनाही आज सव्वाशे-दीडशे वर्षे होऊन गेली आहेत. तेव्हा वस्तू जुनी आहे एवढ्याने ती अस्सल ठरत नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. तलवारींवर आडवी खरवड दिसली की अननुभवी ग्राहक भांडे बनावट समजून खाली ठेवतो. वस्तुतः तशी खरवड बहुधा कारखान्यानेच ओढलेली असते, आणि माल दुय्यम प्रतीचा आहे किंवा तो चित्राविना पांढराच विकला गेला, एवढाच तिचा अर्थ असतो. अशा पांढऱ्या मालावर बाहेरच्या चिताऱ्यांनी रंगकाम केले, म्हणजे मुद्रा अस्सल, माती अस्सल आणि चित्र मात्र परक्या हातचे, असा पेचाचा मामला उभा राहतो, व त्याचा निवाडा छाप करू शकत नाही. तो भांड्याच्या अंगावरूनच करावा लागतो: प्रकाशासमोर धरल्यास माती कितपत पारदर्शक दिसते, झिलई कडेला कशी साचली आहे, टवका उडालेल्या जागी मातीचा पोत काचेसारखा आहे की दाणेदार, कुंचल्याची रेघ सहज वळली आहे की भीत भीत. हे ज्ञान ग्रंथांतून थोडे व हाताळण्यातून फार येते, हे मात्र निरुपायाने कबूल करावे लागते.

छापाखालच्या आकड्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. जर्मन बशीवर १७४८ हा आकडा वाचून कित्येकांना आपल्या हाती पेशवाईतील वस्तू लागल्याचा हर्ष होतो. परंतु तो आकडा व्हिलरॉय आणि बॉख या कारखान्याच्या स्थापनेचा असतो, बशी कालपरवाचीही असू शकते. मात्र छापात देशाचे नाव असेल तर ते उपयोगी पडते, कारण अमेरिकेने १८९० मध्ये केलेल्या जकातीच्या कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पडले. म्हणून असे नाव असलेली वस्तू बहुधा १८९१ नंतरची समजावी. नाव नाही म्हणून ती त्यापूर्वीची, हा उलटा तर्क मात्र टिकत नाही.

नावे तर आणखीच फसवी. माइसेनच्या ज्या निळ्या नक्षीस साऱ्या युरोपात 'कांद्याची नक्षी' म्हणतात तीत कांदा औषधालाही नाही. चिनी चित्रांतील डाळिंबे व पीच ही फळे तिकडच्या लोकांस ओळखू आली नाहीत, एवढेच. 'बोन चायना' हे नाव मात्र अक्षरशः खरे आहे, आणि नेमके तेच आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक नसते: १८ व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील स्पोड कारखान्यात सिद्ध झालेल्या या मिश्रणात जनावरांच्या हाडांची राख जवळजवळ निम्मी असते. ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांनी माइसेनसारखे कठीण पोर्सेलिन जमवावे. त्यात केवळ खनिजे असतात. तसेच, बशीवर वेषभूषाकार व्हर्साचेचे नाव असले तरी ती इटलीत त्याच्या कर्मशाळेत घडली असे नव्हे; ती बव्हेरियातील रोझेनथाल कारखान्याची असते, आणि याच कारखान्यासाठी ग्रोपिउससारख्या वास्तुशिल्पज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९६९ मध्ये चहाचा संच योजिला होता.

अशी भांडी केवळ कपाटात ठेवावीत, हेही मत सर्वस्वी ग्राह्य नव्हे. तडा नसलेल्या बशीत कोरडा फराळ अवश्य द्यावा. परंतु झिलईवरील जुन्या रंगांत शिसे असू शकते, तेव्हा लोणचे किंवा सोलकढी तीत ठेवू नये. आणि सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवतो.

आणि ज्या वयाचे एवढे कौतुक करावयाचे, ते वयच एके दिवशी अडचण होऊन उभे राहते. भारतातील १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत मोडते, व ती खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा आजीच्या संग्रहातील किटली अमेरिकेतील मुलीकडे पाठवण्यापूर्वी, ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून रीतसर घ्यावा, आणि मगच ती कापसात गुंडाळावी.