हवाई अंतर व उड्डाणकाल

पृथ्वीगोलावरील दोन स्थळांमधील बृहद्‌वृत्तीय, म्हणजे सर्वांत लघू, मार्गाच्या लांबीस हवाई अंतर म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डी विमानतळाचे उद्‌घाटन झाले. तेथून मुंबई सु. १७० किमी., तर दिल्ली सु. १,०२० किमी. आहे. अंतर सहापट, पण उड्डाणकाल सहापट नव्हे. कारण धावपट्टीपर्यंतची चाल, आरोहण, अवरोहण व उतरण्यापूर्वीची प्रतीक्षा यांचा वेळ अंतरावर फारसा अवलंबून नसतो. ताशी ८०० किमी. वेगाने दिल्लीस सव्वा तास पुरावा. वेळापत्रकात मात्र सु. दोन तास धरावे लागतात. शिवाय हवामान कोणत्याच गणितात बसत नाही : नोव्हेंबर २०१९ मध्ये अपुऱ्या दृश्यमानतेमुळे येथील उड्डाणे अनेक दिवस बंद होती.