सुटा आवाज : गावातल्या स्टुडिओचे दप्तर

डहाणू तालुक्यातल्या सरावलीत एका घराच्या मागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड होतात. भिंतींना गोधड्या लावलेल्या, खिडकीत फोमची जुनी गादी कोंबलेली, एक संगणक आणि एक बरा मायक्रोफोन. चालवणारा तरुण माझ्या मुलाच्या वयाचा आहे, मला काका म्हणतो. लग्नसराईत नाचायची गाणी हे त्याचे मुख्य काम, पण अधूनमधून तो म्हाताऱ्या माणसांची जुनी गाणीही घेतो. त्यामुळेच मी तिथे जाऊ लागलो.

एका पावसाळ्यात त्याच्याकडे एक कुटुंब आले. घरातली आजी धवलेरी होती, म्हणजे वारली लग्नात गाण्यातून विधी चालवणारी बाई. ती नुकतीच वारली होती. तीन वर्षांपूर्वी तिचे एक गाणे या खोलीत रेकॉर्ड झाले होते आणि ते सगळ्यांच्या मोबाइलवर होते, पण त्यावर संगणकातला ढोल आणि बेस चढवलेला होता. नातू म्हणाला, "दादा, आजीचा नुसता आवाज द्या. ढोल नको."

मागणी साधी होती. तरुणाने प्रोजेक्ट उघडला. पडद्यावर बारा ट्रॅक दिसले, प्रत्येकाचे नाव जागेवर. 'आजी १', 'आजी २', 'तारपा', 'टाळ्या'. आत मात्र सगळे रिकामे आणि वर सूचना, की फाइल सापडत नाही. मध्यंतरी संगणक बिघडला होता. दुरुस्त करणाऱ्याने विंडोज नव्याने टाकताना प्रोजेक्टचा फोल्डर आठवणीने वाचवला होता. आवाज त्या फोल्डरमध्ये नव्हतेच.

मी पेशाने हिशेबनीस. ध्वनिशास्त्र कुठे शिकलेलो नाही, जे येते ते पुस्तके वाचून आणि चुका करून. पण हा प्रकार पाहिल्यावर मला माझीच भाषा आठवली. प्रोजेक्ट फाइल म्हणजे खतावणी, आणि आवाजाच्या फाइली म्हणजे पावत्या. खतावणीत लिहिलेले असते की अमुक पावती अमुक कपाटात अमुक खणात आहे. पावती स्वतः तिथे नसते. एफएल स्टुडिओ, क्यूबेस, रीपर, एबलटन लाइव्ह, कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, साधारण रीत हीच. कोणता आवाज कुठून उचलायचा, किती सेकंदाला सुरू करायचा, किती मोठा ठेवायचा, त्यावर कोणता इफेक्ट लावायचा, एवढेच ती फाइल सांगते. रीपरची प्रोजेक्ट फाइल तर साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडली तर कोणती फाइल कुठल्या पत्त्यावर शोधली जाते ते वाचता येते. शंका असेल त्याने एकदा उघडून पाहावी.

आकारावरूनही हे कळते. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला एका माणसाचा मोनो आवाज मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी जागा घेतो. पाच मिनिटांच्या गाण्यात असे बारा ट्रॅक असले तर पाचशे एमबीच्या वर जागा लागते. आणि प्रोजेक्ट फाइल? काही केबी, फार तर दोन-चार एमबी. एवढीशी फाइल पेनड्राइव्हवर टाकून 'गाणे सेव्ह केले' असे समजणारे मी बरेच पाहिले. यात त्या पोरांचा दोष कमी आणि 'सेव्ह' या शब्दाचा जास्त.

आवाज विखुरतात कसे, तेही पाहण्यासारखे आहे. गायिकेचा आवाज सॉफ्टवेअरने ठरवलेल्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये जातो. तारपा दुसऱ्या दिवशी अंगणात मोबाइलवर घेतलेला असतो, तो व्हॉट्सअॅपवरून येऊन 'डाउनलोड्स'मध्ये पडतो. ढोलाचे नमुने मित्राच्या पेनड्राइव्हवरून थेट ओढलेले असतात. पेनड्राइव्ह मित्राबरोबर वापीला जातो आणि ढोलही त्याच्याबरोबर जातो.

यावर उपाय जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे, फक्त मेनूत खोल दडलेला. एफएल स्टुडिओत एक्स्पोर्टखाली 'झिप्ड लूप पॅकेज' असते, एबलटनमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह', क्यूबेसमध्ये 'बॅकअप प्रोजेक्ट'. रीपरमध्ये 'सेव्ह अॅज' करताना सगळे आवाज प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणण्याची खूण करता येते. गाणे संपले की त्याच संध्याकाळी हे करायचे. दुसऱ्या दिवशी कोणी करत नाही.

पण एवढ्यावर मी समाधानी नाही. खतावणी वाचणारे सॉफ्टवेअरच उद्या चालेल याची खात्री कोणी द्यावी? २०१९ साली अॅपलने मॅकच्या नव्या प्रणालीतून ३२ बिटचे प्रोग्राम चालवणे बंद केले आणि कित्येकांचे जुने प्लगइन एका अपडेटमध्ये मुके झाले. आपल्याकडे तर बरेच प्लगइन कुठून आणलेले असतात ते न विचारलेले बरे. तेव्हा प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र वेव्ह फाइल काढून ठेवावी, आणि सगळ्या फाइली शून्य सेकंदापासून सुरू होतील अशा काढाव्यात. आजी दोन मिनिटांनी गायला लागत असली तरी आधीची दोन मिनिटे शांतता असू द्यावी. मग कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या एकाखाली एक ठेवल्या की आपोआप जुळतात. एफएल स्टुडिओत वेव्ह काढताना मिक्सरचे ट्रॅक वेगळे करण्याची सोय आहे. इफेक्ट लावलेला एक संच काढावा आणि कोरा आवाज वेगळा ठेवावा. दोन्हीपैकी एकच ठेवायला जागा असेल तर कोरा ठेवा, असे माझे मत आहे. चढवलेला ढोल पुन्हा वाजवता येतो.

तारप्याच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा भोंगा आणि सांधे बुजवायला मेण, असे हे वाद्य. हार्मोनियमसारखी ठरलेली पट्टी त्याला नाही, प्रत्येक तारप्याचा सूर त्याचा स्वतःचा. भोपळा तडकला, नळी बदलली की तो सूर गेला. पुढच्या वर्षी तोच वाजवणारा आणून राहिलेला तुकडा भरून काढू म्हटले तर जुळत नाही. शिवाय वाजवायचे दिवसही परंपरेने भात पिकण्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंतचे. मार्चमध्ये स्टुडिओला सवड असते, पण तेव्हा म्हातारा तारपा खाली काढायला तयार नसतो.

नावांचा प्रश्न यानंतरचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' अशा तीन फाइलींपैकी खरी कोणती, हे महिन्याभराने बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. आम्ही आता तारीख पुढे ठेवतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. त्यानंतर गाव, गाण्याचा प्रकार आणि आवृत्तीचा आकडा. फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल असते. त्यात कोण गायले, कोणत्या पाड्यावरचे, कोणत्या विधीचे गाणे, गाण्याची गती, वाद्ये कोणाची आणि गाणाऱ्याने कशाकशाला परवानगी दिली आहे, हे लिहितो. धवलेरीची काही गाणी विधीबाहेर वाजवलेली घरच्यांना चालत नाहीत. ते त्या फाइलीत पहिल्या ओळीला येते.

ही शिस्त आपल्याच मातीत मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय नोंदींची बाजू सांभाळली. प्रत्येक ओवीला क्रमांक, गाणारीचे नाव, गाव आणि विषय. पॉइटवाँ २००४ साली गेले, तरी पुढे 'पारी'ला तो ठेवा लोकांसमोर मांडता आला, तो या क्रमांकांमुळे. नुसत्या टेपांचा ढीग असता तर कोण कोणती बाई गाते हे कोणी शोधले असते?

आता प्रतींविषयी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेला नियम. डहाणू-तलासरीच्या माणसाला 'दुसरी जागा' समजावून सांगावी लागत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून इथे भूकंपाचे लहान-मोठे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. चालू हार्ड डिस्क टेबलावरून पडली तर तिचे काय होते ते सांगायला नको. आणि मूळ डिस्क व बॅकअपची डिस्क एकाच फळीवर असतील तर त्या दोन नव्हेत, एकच. आमची तिसरी प्रत डहाणू गावात एका नातेवाइकाकडे असते. खाऱ्या हवेमुळे ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पावसाळ्यात वीज जाते-येते, म्हणून प्रत करताना लॅपटॉप वापरतो, त्याला बॅटरी असते.

'यूट्यूबवर आहे की' हे उत्तर मला वरचेवर मिळते. तिथे असते ते दाबून लहान केलेले तयार गाणे, सुटे आवाज नव्हेत. तेही किती काळ असेल हे दुसऱ्याच्या हातात. २००३ ते २०१५ या काळात जगभरच्या कलाकारांनी मायस्पेसवर चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. अनेकांची ती एकच प्रत होती. गूगल ड्राइव्हसारखी सोय चांगली, पण फोल्डर आपोआप जुळवत राहणारी सोय म्हणजे बॅकअप नव्हे. इथे चुकून पुसले की तिथेही पुसले जाते, आणि कचराकुंडीची मुदत संपली की परत मिळत नाही.

आजीच्या गाण्याचे काय केले? हल्ली तयार गाण्यातून गळा वेगळा करून देणारी सॉफ्टवेअर मिळतात. दोन-तीन वापरून पाहिली. ढोल बराचसा गेला. तारपा मात्र सलग वाजणारा, एका जागी तिच्या आवाजात असा मिसळला आहे की एक काढला की दुसराही जातो. नातवाला ते ऐकवले. त्याने पेनड्राइव्हवर घेतले आणि विचारले, "काका, आत्याही गाते. तिचे कधी घ्यायचे?" भात कापून झाल्यावरचा रविवार ठरला. फोल्डर आधीच तयार करून ठेवला आहे, आणि त्यातल्या मजकूर फाइलीत परवानगीची ओळ आत्याबाईंना विचारून भरायची आहे.