गाडी तर नीट पळतेय!

“गप लागलाय का लुकलुकतोय?”

इंजिनाचा पिवळा दिवा लागलेली गाडी दारात आली की रहिमतपूरच्या या गॅरेजात मिस्त्रींचा पहिला प्रश्न हाच असतो. बॉनेट अजून उघडलेलं नसतं, चावीही गिऱ्हाइकाच्याच हातात असते. गिऱ्हाइकाचं उत्तरही ठरलेलं: “गप लागलाय. पण गाडी एक नंबर पळतीय. पिकअप तसंच, अ‍ॅव्हरेज तसंच. सेन्सरच गंडला असंल.”

लुकलुकणाऱ्या दिव्याला या गॅरेजात सूट नाही. असा फोन आला की मिस्त्री गाडी बाजूला घ्यायला सांगतात. दिवा लुकलुकतो तेव्हा बहुतेक वेळा एखाद्या सिलिंडरात ठिणगी नीट पडत नसते; गॅरेजच्या बोलीत गाडी ‘मिसिंग मारत’ असते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे जळतं. त्याच्या आत आरपार बारीक भोकं असलेली सिरॅमिकची वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा लेप असतो. ती वीट वितळली की स्पार्क प्लगच्या खर्चात भागणारं काम कितीतरी पटींनी महाग होऊन बसतं.

गप लागलेल्या दिव्याची गोष्ट वेगळी. तिथे घाई नसते, मात्र काम जास्त असतं. मी त्या गॅरेजात बसून पाहिलं ते हे काम.

त्या सकाळची गाडी होती एका आल्याच्या शेतकऱ्याची. पेट्रोलवरची, बीएस-४ काळातली. मिस्त्रींनी स्टिअरिंगखाली हात घालून एक झाकण चाचपडलं आणि सोळा पिनांच्या सॉकेटात स्कॅनरचा कपलर दाबला. काही सेकंदांत पडद्यावर अक्षरं आली: पी ०१७१. शेजारी इंग्रजीत त्याचा अर्थ, की मिश्रण पातळ आहे. हवा जास्त, पेट्रोल कमी.

“बघा, म्हटलं न्हवं सेन्सर!” शेतकरी म्हणाला.

“अण्णा, ह्यात सेन्सर खराब असं कुठं लिवलंय? सेन्सरनं तक्रार केलीय. तक्रार करणाऱ्यालाच आत टाकायचं का?”

कोड वाचून थेट सुटा भाग बदलायचा, ही या धंद्यातली सगळ्यात महाग सवय. कोड दुखणं कुठे दिसलं एवढंच सांगतो, कशामुळे झालं हे सांगत नाही. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सकडची बाब. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड. तिथे एक असता तर तो त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागी एक किंवा दोन म्हणजे हवा आणि इंधन, तीन म्हणजे ठिणगी, चार म्हणजे धूर आटोक्यात ठेवणारी यंत्रणा. म्हणजे पी ०१७१ ने गावाचं नाव सांगितलं, घर अजून शोधायचं होतं.

मिस्त्रींनी कोड उडवला नाही. आधी वहीत लिहून घेतला आणि मग त्या क्षणाची नोंद उघडली. दोष पक्का धरला जातो त्या वेळी इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापलेलं, गाडीचा वेग किती, इंजिनावर भार किती, हे सगळं गाडीतला कॉम्प्युटर साठवून ठेवतो. कोड उडवला की ही नोंदही जाते. या गाडीत वेग शून्य होता, इंजिन जागेवर चालू, पाणी तापलेलं. दिवा दिसला औंधच्या रस्त्यावर म्हणून शेतकऱ्याच्या मनात त्या रस्त्यावरचे खड्डे होते. नोंद म्हणत होती, गाडी उभी असताना.

मग इंजिन चालू करून मिस्त्रींनी पडद्यावरचे फक्त दोन आकडे लावून ठेवले. इथे त्या पिवळ्या दिव्याचं सगळं मर्म आहे.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळून आलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला हे सतत सांगत असतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. हे कमी-जास्त टक्क्यांत दिसतं. एक आकडा तात्पुरत्या दुरुस्तीचा, तो क्षणाक्षणाला हलतो. दुसरा मुरलेल्या दुरुस्तीचा, तो सावकाश चढतो. दोन्ही शून्याच्या आसपास, पाच-सात टक्क्यांच्या आत असले तर गाडी ठणठणीत. या गाडीत बेरीज अधिक बाविसाच्या पुढे होती. म्हणजे कारखान्यात ठरलेल्या मापापेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त पेट्रोल कॉम्प्युटर वरून घालत होता आणि म्हणूनच गाडी एक नंबर पळत होती.

घरातला कर्ता माणूस हातउसने करून घर चालवत असतो. ताटात भाकरी वेळेवर पडते म्हणून पोरांना काही कळत नाही. उसनवारीची हद्द संपत आली की तो बोलतो. पिवळा दिवा म्हणजे ते बोलणं. म्हणून “गाडी तर नीट पळतेय” ही दिव्याविरुद्धची साक्ष होत नाही. गाडी नीट पळवण्यासाठी काय करावं लागतंय, एवढंच दिवा सांगत असतो.

तो बोलायची घाईही करत नाही. बहुतेक वेळा दोष एकदा दिसला की कॉम्प्युटर तो ‘संशयित’ म्हणून नोंदवतो. पुढच्या फेरीतही तोच दिसला तरच दिवा लागतो. दोष गेला की सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, कोड मात्र इंजिन थंडाचं गरम होण्याच्या चाळीस खेपांपर्यंत आत राहतो. आपण पाहतो तेव्हा दिवा नवा असतो, दोष मात्र नवा असतोच असं नाही.

मिस्त्रींनी हाताखालच्या पोराला अ‍ॅक्सिलरेटर दाबून फेरे अडीच हजारावर धरायला सांगितलं. बाविसावरचा आकडा उतरत उतरत सहावर आला. सोडल्यावर पुन्हा चढला. मिस्त्री हसले.

“हवा चोरून येतीय.”

या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या डब्यापाशी आहे. त्याच्या पुढे कुठे रबर फाटलं तर तिथून शिरलेली हवा मोजणीत येत नाही. जागेवर चालू असताना इंजिन आधीच हवा कमी घेतं, त्यामुळे ही चोरटी हवा मोठी ठरते. फेरे वाढले की खऱ्या हवेपुढे ती किरकोळ होते. उलट असतं, म्हणजे आकडा जागेवर ठीक आणि घाटात, भाराखाली चढता, तर मिस्त्रींची नजर पेट्रोल पंपाकडे आणि तुंबलेल्या फिल्टरकडे वळली असती. कोड तोच, पी ०१७१, आजार दोन. आणि ज्या गाड्यांत हवा मोजण्याऐवजी नळीतला दाब मोजतात, तिथे अशी गळती वेगळं सोंग घेते: मिश्रणाची तक्रार फारशी येत नाही, जागेवरचे फेरेच वाढतात. म्हणून मिस्त्री आधी गाडीत कोणता सेन्सर आहे ते बघतात, मग आकडा वाचतात.

आता बॉनेट उघडलं. चालू इंजिनावर मिस्त्रींनी कार्बोरेटर क्लीनरचा डबा घेतला आणि बारीक नळीने एकेका जोडावर थोडं थोडं फवारत गेले. गरम सायलेन्सरपासून हात दूर. फिल्टरचा जोड: काही नाही. मधला जाड होज: काही नाही. खालच्या अंगाला क्रँककेसची वाफ परत नेणारी बोटाएवढी नळी होती. तिथे फवारा पडताच इंजिनाचा आवाज बदलला, फेरे क्षणभर वर गेले. क्लीनर भेगेतून आत ओढला गेला आणि जळला, याचाच तो पुरावा. नळी काढून वाकवली, तर क्लिपच्या कडेला रबर तडकलेलं. वरून बघून ते कुणालाही दिसलं नसतं.

नवी नळी बसल्यावर आकडा दहाच्या खाली आला. मग मिस्त्रींनी कोड उडवला. “दोन-चार दिस रोजच्यासारखी फिरवा, मग दावायला या,” एवढंच सांगितलं. मुरलेली दुरुस्ती कुठे स्थिरावते हे कळायला गाडी चालावी लागते. गॅरेजात उभ्या गाडीवर ती तपासता येत नाही.

पण शून्यावर का नाही? मिस्त्री म्हणाले, “त्येला आपलाच ऊस जबाबदार.” हा पट्टा उसाचा, कारखान्यांतून इथेनॉल निघतं, ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाला १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा पटच हवा पुरते. जुन्या मापाच्या गाडीत कॉम्प्युटरला सुरुवातीलाच थोडं जास्त इंधन घालावं लागतं. त्यात बिघाड नाही. मात्र तेवढी गुंजाइश आधीच खर्ची पडलेली असते, आणि वर नळी तडकली की हद्द लवकर येते.

गाडी चालवणाऱ्याला काहीच जाणवत नसताना दिवा लावायचा, ही कल्पना मुळात गाडीसाठी नव्हतीच. लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुक्याचं मूळ मोटारींच्या धुरात आणि उन्हात आहे, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवलं. पुढे कॅलिफोर्नियाने १९८८ पासूनच्या मॉडेलांना स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची केली, आणि १९९६ पासून एकसारखं सॉकेट आणि एकसारखे कोड असलेली पद्धत संपूर्ण अमेरिकेतल्या मोटारींना लागू झाली. आपल्याकडे तिचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ मध्ये आला आणि १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ ने ती आणखी कडक केली. म्हणजे दिवा चालकासाठी नाही, गाडीच्या मागून चालणाऱ्यांसाठी आहे. ड्रायव्हरला काही जाणवू नये आणि धूर मात्र वाढावा, असे दोष पकडण्यासाठीच तो लावला.

दिवा धुराच्या नियमांसाठी आणि ते नियम सगळीकडे सारखे नाहीत, म्हणून दिव्यावरचा परदेशी सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. पेट्रोलचं झाकण घट्ट बसवा, दिवा जाईल, हा सल्ला अमेरिकेतला. तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का हे स्वतः तपासतात. आपले नियम युरोपच्या वळणाचे. त्यांत ही गळती मोजायची सक्ती नाही. त्यामुळे इथे झाकण पिळत बसण्यापेक्षा वायरिंग बघितलेलं बरं. ऊसतोडीच्या हंगामात फडातले उंदीर निवारा शोधत घराकडे येतात आणि रात्री उबदार इंजिनावर चढतात. सेन्सरची वायर कुरतडली की कोड सेन्सरचा येतो आणि बिचारा चांगला सेन्सर बदलला जातो.

डिझेलवाल्यांचं दुखणं निराळं. बीएस-६ डिझेलच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला सहाशे अंशांच्या घरातली उष्णता आणि सलग चालणारी गाडी लागते. घर, रान, बाजार, परत घर, असं चार-पाच किलोमीटरचं फिरणं ज्या गाडीच्या वाट्याला येतं, तिचा फिल्टर तुंबत जातो. अशा गिऱ्हाइकाला मिस्त्री आधी साताऱ्यापर्यंत जाऊन हायवेला एका चालीने गाडी पळवून यायला सांगतात. दिवा गेला तर पाना लावावाच लागत नाही.

मिस्त्रींनी हात काळे केले ते विहिरीवरच्या ऑइल इंजिनांवर. रहिमतपुरावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पुढे १९१० साली किर्लोस्करांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी वसली; या भागातल्या कारागिरांच्या कानाला इंजिनाचा आवाज पिढ्यांपासून ओळखीचा आहे. त्या काळचं इंजिन आजारी पडलं की स्वतः सांगायचं: काळा धूर, सकाळी चालू होईना, चढाला धापा. कान आणि नाक पुरायचं. आताचं इंजिन आजार अंगावर दिसू देत नाही. कानाचं काम आता त्या दोन आकड्यांनी घेतलंय, आणि मिस्त्रींनी ते मन लावून शिकून घेतलं.

रस्त्यात दिवा दिसला तर काय करायचं, हे ते गिऱ्हाइकाला थोडक्यात सांगतात. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर जागेवर थांबा, इंजिन बंद. पिवळा लुकलुकला तर पाय उचला, बाजूला घ्या. पिवळा गप लागला, आवाज, वास, ताकद सगळं जागच्या जागी, तर घरी जा आणि त्या आठवड्यात दाखवा. महिन्यावर ढकलू नका. कारण एकदा लागलेल्या दिव्याला दुसऱ्या बिघाडासाठी पुन्हा लागता येत नाही. आज तडकलेली नळी, उद्या बसलेला थर्मोस्टॅट. डॅशबोर्डवर दोन्हींचं चित्र तेच.

दुपारी एक जण जुनी गाडी विकत घेण्याआधी दाखवायला घेऊन आला. डॅशबोर्ड स्वच्छ, एकही दिवा नाही. मिस्त्रींनी इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली. लाल-पिवळे सगळे दिवे क्षणभर लागायला हवेत. इंजिनाचा तेवढा लागला नाही. मग स्कॅनर लावला. कोड एकही नव्हता, पण गाडीच्या स्वतःच्या बहुतेक तपासण्या ‘अपूर्ण’ दिसत होत्या, म्हणजे सगळं नुकतंच पुसलेलं.

“दिवा लागलेली गाडी आणली असतीस तर किंमत पाडून घे म्हटलं असतं,” मिस्त्री त्या पोराला म्हणाले. “ही नगं घेऊस.”